कारखाना जोरात की गोदाम फुटलं? बाळंतपणानंतरच्या थायरॉइडचं एक प्रकरण

डिसेंबरातली संध्याकाळ. ओपीडी आवरत आली होती. बाहेरच्या बाकावर सत्तावीस वर्षांची सून, तिची सासू आणि सासूच्या मांडीवर कानटोपी घातलेलं साडेचार महिन्यांचं बाळ. नवरा गाडी लावून मागाहून आला. तो साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतो. ऐन हंगामात अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेला. फाइल त्याच्या हातात होती, पण सासूबाईंना ती उघडेपर्यंत दम नव्हता. "डॉक्टरीणबाई, गळ्यात गाठ हाय म्हंत्यात. सुई टोचून तपासायला सांगितलंय. क्यान्सर तर न्हाई न्हवं?"

सून काहीच बोलली नाही. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली होती. ते थरथरताना कुणाला दिसू नयेत म्हणून, हे नंतर कळलं.

आजार काही दुर्मीळ नव्हता. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात साधारण वीस बायकांत एकीची थायरॉइड अशी बिघडते. तरी हे प्रकरण लिहून ठेवावंसं वाटलं, कारण तीन महिन्यांत या एका ग्रंथीची तीनदा सोनोग्राफी झाली आणि तीन कागदांवर तीन निदानं निघाली. मशीन तिन्ही ठिकाणी बरं होतं. ओळख पटू नये म्हणून गाव, दिवस आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. साताऱ्याकडचं एक तालुक्याचं गाव, एवढं पुरे.

हातात आलेले कागद

बाळंतपण माहेरी झालेलं, नॉर्मल. तीन महिन्यांनी सासरी आली तेव्हा अंगावरचे कपडे ढगळ होऊ लागले होते. सात किलो वजन उतरलं. रात्री छातीत धडधड, थंडीतही पंखा लावावासा वाटणं, आणि केस तर विंचरताना मुठीने हातात येत. घरात सगळ्यांचं मत एकच, बाळंतिणीचा अशक्तपणा. डिंकाचे लाडू झाले, अळिवाची खीर झाली, शतावरी झाली. वजन काही धरेना तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं आणि टीएसएच ०.०१ पेक्षा कमी आलं. टीएसएच म्हणजे मेंदूतल्या पिट्यूटरीचं, थायरॉइडला हाकणारं हार्मोन; थायरॉइडचं हार्मोन वाढलं की ते खाली जातं. फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, २.९, त्या लॅबची वरची मर्यादा १.८. त्याच दिवशी कार्बिमाझोल दहा मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा सुरू झाली, धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल, आणि सोबत 'थायरॉइडची सोनोग्राफी करून या' अशी चिठ्ठी.

चिठ्ठीवर एवढंच. कशासाठी करायची, काय बघायचं, बाळंतीण आहे, टीएसएच कमी आहे, यातलं एक अक्षर नाही. म्हणून सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांनी कोऱ्या चिठ्ठीवर कुणीही करील तेच केलं: गाठ शोधली. रिपोर्ट असा: ग्रंथी दोन्ही बाजूंनी थोडी मोठी, पोत खडबडीत, रंग काळपट, उजव्या भागात सात मिलिमीटरची काळसर गाठ, टायरॅड्स ४ (गाठ किती संशयित त्याचा वर्ग), एफएनएसी (सुईने पेशी काढून तपासणी) करावी. रंगीत डॉपलर, म्हणजे ग्रंथीतला रक्तप्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी, केलेलं नव्हतं. मागितलंच नव्हतं कुणी.

आता टीएसएच बाजूला पडलं आणि घरात फक्त गाठ उरली. आठ दिवस कुणी नीट जेवलं नव्हतं.

तपासल्यावर

नाडी ११६, आणि तीही प्रोप्रॅनोलॉल चालू असताना. हात पुढे करायला लावून बोटांवर एक कागद ठेवला, त्याच्या कडा सुरसुर हलत राहिल्या. ही जुनी युक्ती आहे, फुकटची आहे आणि अजून चालते. डोळे बाहेर आलेले नव्हते, बुबुळावरची पांढरी पट्टी दिसत नव्हती. गळा थोडा भरलेला. हाताला ग्रंथी घट्ट, रबरासारखी लागली. दाबल्यावर दुखत नव्हती. स्टेथोस्कोप ठेवून ऐकलं, रक्ताची घरघर नाही. ती सात मिलिमीटरची गाठ बोटाला लागायचा प्रश्नच नव्हता, तेवढी लागत नाही.

"दुसऱ्या काही गोळ्या चालू आहेत का गं? केसांसाठी वगैरे?"

तिने नवऱ्याकडे बघितलं. मग पर्समधून एक डबी काढली. बायोटिन, दहा मिलिग्रॅम, रोज एक. मैत्रिणीने सांगितलेलं, ऑनलाइन मागवलेलं.

इथे जरा थांबते, कारण ही डबी आजकाल दर चौथ्या पर्समध्ये सापडते. बऱ्याच लॅबच्या थायरॉइड चाचण्यांच्या रसायनातच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात बाहेरून आलेलं बायोटिन भरपूर असेल तर यंत्र फसतं: टीएसएच खोटं कमी दाखवतं, टी-फोर खोटं जास्त. कागदावर अगदी ग्रेव्हजसारखं, म्हणजे ग्रंथी जास्त हार्मोन बनवते त्या आजारासारखं, चित्र उभं राहतं आणि बाई ठणठणीत असते. ही बाई ठणठणीत नव्हती, ११६ ची नाडी आणि हलणारा कागद बायोटिनने होत नाही. तरी आकड्यांवर किती विसंबायचं हे ठरवायला गोळी बंद करून पुन्हा रक्त काढणं भाग होतं. दोन दिवस बंद ठेवली तरी बहुधा भागतं, मी चार दिवस सांगते.

प्रश्न नेमका कोणता

रक्तात थायरॉइडचं हार्मोन जास्त आहे, इतकं कळलं. पण ते जास्त होण्याच्या दोन अगदी वेगळ्या वाटा आहेत आणि औषध त्यावरच ठरतं. नवऱ्याला ते त्याच्याच भाषेत सांगितलं.

"बाजारात एकदम साखर जास्त आली, तर दोन कारणं असू शकतात ना? एक तर कारखाना तिन्ही पाळ्यांत जोरात चाललाय. किंवा कारखाना बंद आहे, पण गोदामाची भिंत पडली आणि साठलेली पोती रस्त्यावर आली."

तो हसला. "दुसऱ्यात दोन-तीन महिन्यांत आपोआप संपंल की मॅडम साखर."

बरोबर तेच होतं. थायरॉइडच्या पिशव्यांत दोन-तीन महिने पुरेल इतकं हार्मोन तयार भरून ठेवलेलं असतं. गरोदरपणात शरीराची प्रतिकारशक्ती थोडी दबून असते, बाळंतपणानंतर ती उसळी घेते, आणि काहींच्या बाबतीत आपल्याच थायरॉइडवर तुटून पडते. पिशव्या फुटतात, माल बाहेर येतो. हा बाळंतपणानंतरचा थायरॉइडायटिस. माल संपला की पातळी उतरते आणि पुष्कळदा गरजेपेक्षाही खाली जाते, कारण कारखाना अजून दुरुस्त झालेला नसतो. उलट ग्रेव्हजच्या आजारात एक प्रतिपिंड टीएसएचचं सोंग घेऊन ग्रंथीला सतत हाकत असतं. तिथे उत्पादनच वाढलेलं असतं आणि ते आपोआप थांबेल याचा भरवसा नसतो.

कार्बिमाझोल उत्पादन थांबवतं. फुटलेल्या गोदामावर त्याचा काडीचा उपयोग नाही. शिवाय क्वचित का होईना, ते पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या खाली आणतं. म्हणजे हिला थायरॉइडायटिस असेल तर ती दिवसाला तीन गोळ्या निव्वळ धोक्यासाठी घेत होती.

बाळंतपणानंतर ग्रेव्हजही उफाळतो. थायरॉइडायटिसमधलं वाढीव हार्मोन साधारण दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात दिसतं, ग्रेव्हज त्या मानाने उशिरा, पण साडेचार महिने ही दोघांच्या हद्दीवरची वेळ. ग्रंथी दुखत नाही, डोळे साधे, घरघर नाही, हे सगळं थायरॉइडायटिसकडे झुकवणारं. नुसत्या झुकण्यावर चालू औषध बंद करायचं नसतं.

कोणतं चित्र मागायचं

या प्रश्नाचं सर्वांत सरळ उत्तर टेक्नेशियम स्कॅन देतो. टेक्नेशियम-९९एम हातातल्या शिरेतून देतात. आयोडीन ज्या दारातून थायरॉइडच्या पेशीत शिरतं त्याच दारातून हेही आत ओढलं जातं. वीसेक मिनिटांनी गॅमा कॅमेऱ्याखाली झोपवतात आणि कॅमेरा मोजतो, किती आत गेलं. काट्यावर ऊस येतोय की नाही, एवढाच त्याचा प्रश्न. ग्रेव्हजमध्ये ग्रंथी शाईत बुडवल्यासारखी भरून दिसते. थायरॉइडायटिसमध्ये वर दोन्ही बाजूंच्या लाळग्रंथी छान उमटतात आणि मधोमध, जिथे थायरॉइडचं फुलपाखरू दिसायला हवं, तिथे जवळजवळ काही नसतं. तो रिकामा गळा एकदा पाहिला की विसरत नाही.

अडचण अंगावर पिणाऱ्या बाळाची. आयोडीन ओढून घेणारं ते दार दूध असलेल्या स्तनातही असतं. निसर्गाने ते बाळाला आयोडीन मिळावं म्हणून ठेवलंय. टेक्नेशियमही त्याच वाटेने दुधात उतरतं. त्याचं अर्धायुष्य सहा तासांचं, म्हणून साधारण एक दिवस दूध काढून टाकायचं आणि मग पाजायला सुरुवात करायची, असं भागवता येतं. आयोडीन-१३१ चं तसं नाही. त्याचं अर्धायुष्य आठ दिवसांचं, आणि दुधातून ते थेट बाळाच्या थायरॉइडमध्ये जाऊन बसतं. पाजणाऱ्या आईला ते देतच नाहीत, द्यावंच लागलं तर या बाळाचं अंगावरचं दूध कायमचं तोडून. म्हणून 'थायरॉइड स्कॅन' एवढंच लिहून पाठवणं धोक्याचं. कोणता आणि कुणासाठी, हे चिठ्ठीवर यायला हवं.

महाराष्ट्रात अणुवैद्यकाची परंपरा काही आजची नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर परळला १९६३ पासून आहे, आणि थायरॉइडच्या पेशंटांच्या दोन पिढ्या तिथल्या रांगेत उभ्या राहिल्या आहेत. पण गॅमा कॅमेरा तालुक्याला नसतो. आमच्याकडून पुण्याला जायचं म्हणजे एक दिवस मोडतो, साडेचार महिन्यांचं बाळ बरोबर आणि दूध तोडलेलं. गरज पडली असती तर पाठवलंच असतं, पण त्याआधी गावातच होणारी एक गोष्ट करून बघायची होती.

सीटीचा विचारही नको होता. त्याच्या डायमध्ये आयोडीन ठासून असतं. ते एकदा गेलं की ग्रंथी महिना-दोन महिने स्कॅनला नीट उत्तर देत नाही. दुसरीकडे कशासाठी तरी झालेल्या सीटीने थायरॉइडचा स्कॅन बाद झालेले पेशंट मी पाहिले आहेत. एमआरआयला या प्रश्नावर काही म्हणायचं नसतं.

राहिलं रंगीत डॉपलर. सुई नाही, किरण नाही, बाळाला काही नाही. कारखाना जोरात असेल तर रक्तपुरवठा वाढलेला असणार; गेटवर बैलगाड्यांची रांग लागल्याखेरीज एवढा ऊस आत जात नाही. ग्रेव्हजमध्ये ग्रंथीभर लाल-निळं पेटल्यासारखं दिसतं, त्याला रेडिऑलॉजीत 'थायरॉइड इन्फर्नो' म्हणतात. पण नुसत्या रंगावर माझा विश्वास नाही. मशीनचा कलर गेन, म्हणजे रंगाची संवेदनशीलता, थोडा चढवला की कुठलीही ग्रंथी पेटते, आणि गळ्यावर फिरवायचा प्रोब जरा दाबून धरला की पेटलेलीही विझते. म्हणून आकडा मागायचा: खालच्या थायरॉइड धमनीतला रक्ताचा सर्वांत जास्त वेग. सेकंदाला चाळीस सेंटिमीटरच्या वर गेला तर ग्रेव्हजकडे कल, बराच खाली असेल तर थायरॉइडायटिसकडे. मधला पट्टा धूसर आहे, मशीनमागे थोडा फरक पडतो, आणि हे सगळं करणाऱ्याच्या हातावर असतं.

या वेळी चिठ्ठी मी लांबलचक लिहिली. साडेचार महिन्यांची बाळंतीण, टीएसएच दबलेलं, ग्रेव्हज की थायरॉइडायटिस. दोन्ही बाजूंच्या खालच्या धमनीचा वेग हवा. उजवीकडच्या सात मिलिमीटरच्या गाठीकडे दोन्ही दिशांनी बघा. शेवटी 'फोन करा' असंही लिहिलं.

मंगळवार, दुसरी सोनोग्राफी

रेडिऑलॉजिस्ट माझा जुना सहकारी. त्याने मलाच बोलावून घेतलं. तिला टेबलावर झोपवून खांद्याखाली उशी सरकवली, मान मागे टाकायला लावली. जेल गार होतं, ती शहारली, आणि बाहेर सासूबाईंच्या कडेवर बाळाने सूर लावला. आईचं बाळाकडे लक्ष गेलं की नाडी चढते आणि गिळणंही सुरू होतं. दोन्हींनी डॉपलर बिघडतं. शेवटी बाळाला आत घेतलं, पोटभर पाजून झालं, मग पुन्हा सुरुवात. पंधरा मिनिटं गेली त्यात. पहिल्या केंद्रात कुणाकडे ही पंधरा मिनिटं असतील असं मला वाटत नाही, आणि त्यांना दोषही देता येत नाही.

काळ्या-पांढऱ्या चित्रात ग्रंथी काळपट, ठिगळं जोडल्यासारखी. निरोगी थायरॉइड भोवतालच्या स्नायूंपेक्षा उजळ आणि एकसारखी दिसते, बारीक दळलेल्या रव्यासारखी. हिची गुठळ्या राहिलेल्या उपम्यासारखी होती. रंग चालू केला. गेन आधी पार खाली, मग हळूहळू वर, ठिपक्यांचा गोंगाट सुरू होईतो आणि तिथून एक पायरी मागे. ग्रंथीत इथे-तिथे तुरळक ठिपके. प्रोब नुसता टेकवलेला, जेलचा थर मधे दिसत राहील इतका हलका. मग मानेच्या मोठ्या धमनीमागून वळून येणारी खालची थायरॉइड धमनी शोधली, कोन साठ अंशांच्या आत बसवला आणि आलेख घेतला. उजवीकडे १९, डावीकडे २२.

गेटवर गाड्या नव्हत्या.

मग ती गाठ. आडव्या छेदात ती होती, अगदी पहिल्या रिपोर्टात म्हटली होती तशीच, सात मिलिमीटर, काळसर. त्याने प्रोब उभा फिरवला आणि गाठ गेली. पुन्हा आडवा: आली. उभा: शेजारच्या काळ्या पट्ट्यात विरघळली. खरी गाठ लिमलेटच्या गोळीसारखी असते, कुठूनही बघा, गोल राहते. ही थायरॉइडायटिसच्या सुजेची एक पट्टी होती, एका कोनातून गाठीसारखी दिसणारी.

समजा ती खरीच गाठ असती, तरी सुई मारायची नव्हती. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीची २०१७ ची टायरॅड्स पद्धत गाठीला तिच्या रूपावरून गुण देते आणि मग आकाराची अट घालते. चौथ्या वर्गातली गाठ दीड सेंटिमीटरची झाल्यावर सुई, एकची झाल्यावर नजर ठेवायची, त्याखाली काहीच नाही. पाचव्या वर्गातल्या, सर्वांत संशयित गाठीलाही सुई एक सेंटिमीटरपासून पुढे. सात मिलिमीटरच्या चौथ्या वर्गाला एफएनएसी सांगणं म्हणजे नियमाचा अर्धाच भाग वाचणं. शिवाय टीएसएच दबलेलं असताना खरी, मोठी गाठ सापडली तर सुईच्या आधी स्कॅन करतात. स्वतःहून हार्मोन बनवणारी 'गरम' गाठ कॅन्सर असण्याची शक्यता फार कमी.

आकाराची ही अट कंजूषपणातून आलेली नाही. फिनलंडमध्ये १९८५ साली १०१ शवांच्या थायरॉइड बारीक चकत्या करून तपासल्या तेव्हा ३६ जणांत पॅपिलरी कॅन्सर सापडला; माणसं भलत्याच कारणांनी मेलेली. दक्षिण कोरियात १९९९ नंतर कॅन्सरतपासणीच्या पॅकेजसोबत थोड्या जादा पैशांत थायरॉइडची सोनोग्राफी मिळू लागली, आणि २०११ पर्यंत थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या पंधरापट झालं. त्या आजाराने होणारे मृत्यू होते तेवढेच राहिले. हजारो माणसांच्या ग्रंथी काढल्या गेल्या, जन्मभराची गोळी लागली. सोनोग्राफीइतकी निरुपद्रवी तपासणी दुसरी नाही, असं आपण म्हणतो. शरीरापुरतं ते खरंही आहे.

थांबवायचं की वाट पाहायची

मंगळवारीच कार्बिमाझोल बंद केलं. प्रोप्रॅनोलॉल चालू ठेवलं. त्या मात्रेत पाजणाऱ्या आईला ते चालतं. काही सहकारी म्हणतील की ग्रेव्हजच्या प्रतिपिंडाचा, टीआरएबीचा, रिपोर्ट येईपर्यंत थांबायला हवं होतं. त्यात तथ्य आहे. टीआरएबी ही चांगली चाचणी आहे, पण आमच्याकडून नमुना मोठ्या शहरात जातो, खर्च अंगावर येतो, आणि मला बायोटिन उतरल्यावरच रक्त काढायचं होतं. बायोटिन याही चाचणीला फसवू शकतं. तेवढ्या दिवसांसाठी आणखी पंधरा-वीस गोळ्या द्यायला मन धजेना. डॉपलरचे आकडे काठावर असते, ३८ किंवा ४४ असते, तर मी वेगळं वागले असते: गोळी चालू आणि गाडी पुण्याला. १९ आणि २२ वर निर्णय घेता येतो. तरी पुढच्या दोन रात्री मन खात होतं, हे कबूल करते.

शुक्रवारी रक्त काढलं. टीएसएच दबलेलंच, फ्री टी-फोर २.३. पांढऱ्या पेशी व्यवस्थित. थायरॉइडवर उलटणारी टीपीओ प्रतिपिंडं भरपूर वाढलेली. पुढच्या बुधवारी टीआरएबी निगेटिव्ह आलं.

सासूबाईंचे प्रश्न अजून संपले नव्हते. आयोडीनचं मीठ बंद करू का? नको. कोबी, फ्लॉवर? खाऊ दे. बाळाला दुधातून काय जाईल? काळजीचं काही नाही. आणि गाठ?

"मावशी, गाठ नाहीच आहे."

"पर कागदावर लिवलंय की."

कागदावरच्या गाठीला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फेब्रुवारी, तिसरा कागद

जानेवारीच्या मध्याला ती आली तेव्हा नाडी ८२, वजन दीड किलो वाढलेलं, टी-फोर १.१. प्रोप्रॅनोलॉल बंद. तिला बजावून सांगितलं की आता उलटी बाजू येऊ शकते: थकवा, सुस्ती, बद्धकोष्ठ, थंडी सोसवेना. सहा आठवड्यांनी रक्त करायचंच, बरं वाटलं तरी. मी हे चिठ्ठीवरही लिहिलं. पण तिला आमचे कागद एकत्र ठेवायला सांगितलं नाही, ही माझी चूक.

फेब्रुवारीच्या शेवटी भावाच्या लग्नासाठी ती माहेरी गेली. हळदीच्या दिवशी उभं राहवेना. चेहरा सुजलेला, आवाज जड. माहेरच्या मंडळींनी तिथल्या एका दवाखान्यात नेलं. 'डिसेंबरात थायरॉइड वाढलं होतं' एवढं तिने सांगितलं, आणि लगोलग सोनोग्राफी झाली, या वेळी रंगीत. रक्ताचा नमुना गेला होता, रिपोर्ट संध्याकाळी येणार होता. सोनोग्राफीचा कागद दुपारीच आला: ग्रंथी मोठी, रक्तपुरवठा प्रचंड वाढलेला, ग्रेव्हजच्या आजाराची शक्यता. कार्बिमाझोल पुन्हा लिहून दिलं गेलं.

तिने औषधाच्या दुकानातून मला फोन लावला. मागे बँडचा आवाज येत होता. "मॅडम, परत तीच गोळी दिलीय. घेऊ का?"

"रक्ताचा रिपोर्ट येऊ दे. तोवर घेऊ नकोस."

तिने फोटो पाठवला. टीएसएच ४१. टी-फोर ०.५.

डॉपलर चुकलं नव्हतं. त्या दिवशी त्या ग्रंथीत खरोखरच रक्त उसळत असणार. डिसेंबरात टीएसएच शून्याला टेकलं होतं, ग्रंथीला हाकायला कुणी नव्हतं, आणि सूज आली तरी रक्तपुरवठा बेताचा राहिला. फेब्रुवारीत माल संपला, पातळी घसरली, आणि मेंदूतली पिट्यूटरी घाबरून टीएसएचचा मारा करू लागली. टीएसएचच्या हाकेने ग्रंथीतल्या रक्तवाहिन्या फुलतात. ग्रेव्हजमधलं प्रतिपिंडही नेमकी तीच हाक मारतं, म्हणून पडद्यावर दोन्ही सारखंच पेटलेलं दिसतं. एकीत हार्मोन ओसंडून वाहतंय, दुसरीत खडखडाट आहे, आणि प्रोबला हे कळायची सोय नाही. त्या दिवशीचं टीएसएच शेजारी ठेवलं तरच त्या लाल-निळ्याला अर्थ येतो. सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातात दुपारी तो आकडा नव्हता.

लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन गोळीतून, पन्नास मायक्रोग्रॅम सुरू केलं, सकाळी उपाशीपोटी, लोहाच्या गोळीपासून चार तास लांब. तीन आठवड्यांत आवाज मोकळा झाला. बाळाच्या पहिल्या वाढदिवसानंतर मात्रा उतरवून पाहिली, टीएसएच ६.८ वर येऊन रेंगाळलं, म्हणून पंचवीसवर ठेवली आहे. बऱ्याच जणींची ग्रंथी वर्षभरात सावरते, काहींची नाही. टीपीओ एवढं वाढलेलं असलं की वर्षाला एकदा टीएसएच बघावं लागतं, आणि दुसऱ्या बाळाचा विचार झाला तर त्याच्या आधीच.

गेल्या खेपेला सगळे आले होते. बाळ चालत होतं, माझ्या टेबलाखालच्या वायरी ओढत होतं. नवऱ्याने सगळे कागद आता प्लॅस्टिकच्या एकाच फोल्डरमध्ये तारखेने लावले आहेत, रक्त डावीकडे आणि सोनोग्राफी उजवीकडे. काट्यावरच्या माणसाची शिस्त. सासूबाईंनी त्यातला माहेरचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला.

"ह्यात गाठीचं नावबी न्हाई, डॉक्टरीणबाई. गेली न्हवं?"

"नव्हतीच मावशी, डिसेंबरातच सांगितलं होतं मी."

"तुमी सांगितलं, खरंय. पर मी पालच्या खंडोबाला बोलले व्हते." येत्या यात्रेला जोडीने बाळाला घेऊन जायचं, भंडारा उधळायचा, असं ठरलेलं. पंचवीसची गोळी बरोबर ठेवा म्हणाले, आणि पुढच्या रक्ताची तारीख यात्रेनंतरची दिली.